सावळी, पण

सोमवार, रात्री

आज पान लावताना दोन मजकूर शेजारी शेजारी आले. डाव्या रकान्यात 'वधू पाहिजे', उजव्यात पोलीस ठाण्याकडून आलेलं 'हरवले आहेत'. डावीकडे होतं, 'गोरी, सडपातळ, सुस्वरूप, पदवीधर.' उजवीकडे, 'वय १९, वर्ण सावळा, बांधा सडपातळ, चेहरा उभट, नाक सरळ, केस लांब, अंगात हिरव्या रंगाचा पंजाबी ड्रेस. सदर वर्णनाची मुलगी मिळून आल्यास संपर्क साधावा.'

जिल्ह्याच्या दैनिकात छोट्या जाहिरातींच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. माणसांच्या रंगाचे शब्द रोज माझ्या बोटांखालून जातात. लग्नाच्या जाहिरातीत शब्दामागे पैसे पडतात, म्हणून माणसं शब्द मोजून देतात. 'गोरी'चे पैसे द्यायला कुणी मागेपुढे पाहत नाही. 'सावळी'चे पैसे देणारं गिऱ्हाईक क्वचित येतं. मुलगी सावळी असली की रंगाचा उल्लेखच गाळतात. उंची येते, शिक्षण येतं, पगार येतो, 'गृहकृत्यदक्ष' येतं. आणि तो गाळलेला शब्द वाचणाऱ्या प्रत्येकाला बरोबर वाचता येतो. 'वर पाहिजे'मध्ये रंग मागितलेला फारसा आठवत नाही. तिथे 'निर्व्यसनी' असतं, 'स्वतःचं घर' असतं.

हरवलेल्या माणसाच्या मजकुरात काही गाळता येत नाही. तिथे रंग सांगावा लागतो आणि खरा सांगावा लागतो. पाहुण्यांसमोर जी आई 'तशी गव्हाळच आहे हो' म्हणत आली, तीच आई ठाण्यात हवालदारापुढे बसून 'सावळी' म्हणते, कारण पोर सापडायला हवी. ठाण्याच्या त्या ठरावीक भाषेबद्दल मला आज मनापासून आदर वाटला. वर्ण, बांधा, चेहरा, नाक, केस, सगळं एका रांगेत, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. सावळी असणं तिथे उभट चेहऱ्याइतकंच साधं असतं.

ती मुलगी सापडू दे.

बुधवार

आमच्या काउंटरवरच्या फॉर्मात 'वर्ण' असा रकाना आहे आणि त्याच्यापुढे चार चौकोन: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. 'काळा' नाही. अख्खा जिल्हा उन्हात राबतो, ऊस तोडतो, वीटभट्टीवर उभा असतो, आणि फॉर्मात काळ्या माणसाला चौकोन नाही. त्यानं सावळ्यावर खूण करायची, सावळ्यानं गव्हाळवर, गव्हाळ रंगाच्यानं निमगोऱ्यावर. प्रत्येक जण एकेक पायरी वर सरकतो आणि समोरचा वाचताना प्रत्येकाला एकेक पायरी खाली उतरवतो. मग खरं कुणाला कळतं? पाहण्याच्या कार्यक्रमात सगळं उघडं पडतंच, तोवर दोन्ही घरं खोटं बोललेली असतात.

'निमगोरा' म्हणजे अर्धा गोरा. 'निमकाळा' मी कधी ऐकला नाही. मोजायला सुरुवात गोऱ्यापासून होते, आणि कोण किती कमी पडला एवढंच लिहायचं उरतं.

आणि गव्हाळ! गहू आपल्याकडे किती घरांत रोजचा होता? माझ्या आजोळी, माण तालुक्यात, ज्वारी-बाजरी. गव्हाची पोळी सणाला, नाहीतर जावई आला तर. कोकणात नाचणी आणि भात. बाजरीच्या भाकरीचा तो करडा रंग, नाचणीचा तांबूस काळपट रंग, हे रंग आपल्या लोकांच्या अंगावर किती दिसतात! तरी बाजरीच्या वर्णाची मुलगी असं कुणी लिहून देत नाही. जे धान्य रोज खाल्लं त्याचा रंग अंगाला सांगायचा नाही, सणावारी मिळायचं त्याचा सांगायचा. मला याचा राग येतो. भाकरीवर वाढलेल्या माणसांचा राग नाही, त्यांच्याकडून हे वदवून घेणाऱ्या व्यवहाराचा.

दुपारी एक बायोडाटा टाइप करायला आला. वर लिहिलेलं, 'वर्ण: गोरा.' खाली पत्रिकेच्या तपशिलात, नाडी, गण, योनीच्या ओळीत पुन्हा 'वर्ण: वैश्य'. गुणमेलनाच्या छत्तीस गुणांत वर्णाला एक गुण असतो, तो हा वर्ण, राशीवरून ठरणारा: विप्र, क्षत्रिय, वैश्य, शूद्र. एकाच कागदावर एकच शब्द दोनदा. एकदा कातडीसाठी आणि एकदा माणसाच्या पायरीसाठी. काळा ब्राह्मण आणि गोरा शूद्र दिसला की रुद्रसुद्धा कापतो, अशा अर्थाची जुनी म्हण माझी आजी सहज बोलून जायची. रंग पाहून जात ओळखायची आणि अंदाज चुकला तर माणसालाच अशुभ ठरवायचं. त्या म्हणीत किती पिढ्यांचा अपमान भरलाय हे कळायला मला मोठं व्हावं लागलं.

शुक्रवार

गालावरच्या वांगाच्या डागांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. त्यांनी केसपेपरवर माझ्या त्वचेपुढे फक्त 'टाइप ५' लिहिलं. विचारलं तर त्यांनी शांतपणे समजावलं. थॉमस फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन त्वचातज्ज्ञांनी १९७५ साली ही वर्गवारी मांडली. प्रश्न एवढाच: उन्हात गेल्यावर कातडी भाजते की रापते? उजेडाच्या उपचारात कुणाला किती मात्रा द्यायची हे ठरवायला ती हवी होती. सुरुवातीला प्रकार चारच होते, गोऱ्या लोकांपुरते. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. म्हणजे तिथेही आमच्यासाठी चौकोन मागाहूनच आला.

तरी 'टाइप ५' वाचून बरं वाटलं. त्यात मला कुणी सांभाळून घेतलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक पडतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनवतात याचा. मेलॅनिन उन्हातल्या अतिनील किरणांपासून राखण करतं. इतक्या उपयोगाच्या गोष्टीला आपण 'रंग दबलाय' म्हणतो.

योगायोग असा की 'फेअर अँड लव्हली'सुद्धा भारतात १९७५ सालीच बाजारात आली. माझ्या पिढीच्या मुली त्या ट्यूबसोबतच मोठ्या झाल्या. २०२० मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. त्याच सुमाराला 'शादी डॉट कॉम'ने लोकांच्या मागणीनंतर रंगावरून स्थळं चाळायची सोय काढून टाकली. त्या वेळी मला खरंच आनंद झाला होता. पुढच्याच महिन्यांत काउंटरवर 'गोरी'ऐवजी 'उजळ', 'तेजस्वी', 'तजेलदार' असे शब्द येऊ लागले. अपेक्षा तीच राहिली.

डॉक्टरांनी निघताना बजावलं की बाजारातल्या बिननावाच्या, चार दिवसांत रंग उजळणाऱ्या क्रीमला हात लावू नका, काहींत स्टेरॉइड असतं, काहींत पारा. पाऱ्याचं मला माहीत होतं. अकोल्यातल्या एका घरातल्या मुलीला आणि तिच्या आई-बहिणीला असंच क्रीम वापरून मूत्रपिंडाचा आजार झाला होता, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममधल्या पाऱ्याचा उलगडा झाला, ही बातमी आमच्याही पानावर होती. एका शब्दापायी तिघींच्या मूत्रपिंडांवर बेतलं. हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही.

शनिवार

आज काउंटरवर एक गृहस्थ आले, वाळव्याकडचे. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलीची जाहिरात द्यायची होती. कागद आणला नव्हता, तोंडी सांगत होते.

"लिवा ताई, सावळी हाय, पण नाकीडोळी नीटस."

माझा हात थांबला. इतक्या वर्षांत रंगाचा शब्द स्वतःहून, खरा, पैसे देऊन सांगणारा बाप मी फार कमी वेळा पाहिला. त्यांनी 'गव्हाळ' म्हटलं नाही. आणि तरीही मधे तो 'पण' होता. सावळी, पण नाकीडोळी नीटस. काळी, पण तरतरीत. काळीसावळी, पण कामाला वाघीण. आयुष्यभर ऐकत आलेय. 'गोरी, पण नाकीडोळी नीटस' असं कुणी म्हणत नाही. 'सावळा' शब्द चांगलाच आहे, कानाला गोड आहे, त्याच्या पाठीला हा 'पण' चिकटला की तो गुन्हा कबूल केल्यासारखा ऐकू येतो. पुढचे सगळे गुण मग दंड भरल्यासारखे येतात.

मी म्हटलं, "दादा, 'पण' काढूया का? सावळी, नाकीडोळी नीटस, असंच सरळ लिहू."

ते जरा विचारात पडले. म्हणाले, "तसं वाचलं तर काय वाटंल लोकांस्नी?"

"दोन्ही गुणच वाटतील."

"मग काढा की. पोरगी आमची हायच चांगली. तिकडं दवाखान्यात रातपाळीला एकटी सांभाळती समदं."

मग बराच वेळ मुलीबद्दलच बोलत राहिले, कुठली परीक्षा दिली, पहिल्या पगारात आईला काय घेतलं. निघताना म्हणाले, "आमच्या रानाला आम्ही काळी म्हणतो तवा कवा 'पण' म्हणत न्हाई."

खरं आहे ते. गावाची शेतजमीन ती काळी आणि वस्ती ती पांढरी, ही आपली जुनी भाषा, आणि दोघींत पोटाला घालणारी काळी. बेसॉल्टची झीज होऊन झालेली ती माती ओल धरून ठेवते म्हणून तिला भाव. काळी कपिला गाय दारात असली की लोक मुद्दाम येऊन पाया पडतात. खिलार जातीच्या गुरांत काजळी आणि कोसा अशा रंगांच्या छटा वेगळ्या ओळखतात, कौतुकानं. संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याचे दागिने घालतात. केस काळेभोर हवेत. आणि विठ्ठल तर काळाच. त्याला सावळाही म्हणतात, काळाही म्हणतात, दोन्हींत माया असते. त्याचं दुसरं नाव पांडुरंग, म्हणजे पांढुरक्या अंगाचा. काही अभ्यासक ते नाव पंढरपूरच्या 'पंडरगे' या जुन्या कानडी नावाशी जोडतात. कसंही असो, वारकऱ्यांनी काळ्या मूर्तीला पांडुरंग म्हणून हाक मारली आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. मूर्ती गोरी दाखवायचा आग्रह कुणी धरला नाही.

म्हणजे काळ्यावर प्रेम करायचे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. मातीसाठी आहेत, गाईसाठी आहेत, देवासाठी आहेत. मुलीपाशी आल्यावर ते आटतात.

रविवार

भाचीच्या बाळाला बघून आले. मुलगी, तीन किलो, जावळ दाट. दवाखान्याच्या खोलीत सगळ्या बायका होत्या. वजनानंतरचा दुसरा प्रश्न रंगाचा. एका आजींनी बाळाच्या कानाची पाळी वळवून पाहिली. जन्मतः कातडी कशीही दिसली तरी पुढचा खरा रंग पाळीच्या कडेला दिसतो, असा त्यांचा ठोकताळा. रंग पुढे काही आठवड्यांत, महिन्यांत गडद होतो हे खरंच आहे, मेलॅनिन हळूहळू वाढतं. पाळी पाहून आजी म्हणाल्या, "सावळी होणार. असू दे, पण डोळे टपोरे आहेत."

चार दिवसांची पोर आणि 'पण' लागलासुद्धा.

भाची उशीवर टेकून बसली होती. नऊ महिने तिला केशर घातलेलं दूध प्यायला लावलं होतं, ते कशासाठी हे तिलाही माहीत होतं. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. मी बाळाला उचलून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सावळी आहे आणि डोळे टपोरे आहेत." आजी माझ्याकडे बघत राहिल्या. भांडायचं नव्हतंच मला. त्या माउलीचं स्वतःचं लग्न रंगामुळे तीन वर्षं अडलं होतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कान तपासायला त्यांना कुणी शिकवलं असेल तर त्या तीन वर्षांनी.

भाची मग बाळाला दूध पाजताना म्हणाली, "मावशी, हिच्यासाठी साय आणि डाळीचं पीठ लावायला बाई ठरवलीय सासूबाईंनी, रंग उघडावा म्हणून. मी नको म्हणू का?" मी म्हटलं, तेलाचं मॉलिश हवं तेवढं करून घे, पिठानं घासायला डॉक्टरांना आधी विचार, नाजूक कातडी आहे. आणि रंग उघडायला तो काही बंद नाहीये.

घरी आल्यावर बसून एक अर्ज लिहिला, आमच्या जाहिरात विभागाला. लग्नाच्या जाहिरातीच्या फॉर्मातला 'वर्ण' हा रकाना काढावा. ज्यांना लिहायचं असेल ते मजकुरात लिहितील, आपण चौकोन छापून विचारू नये. आणि रकाना ठेवायचाच असेल तर 'काळा' हा पाचवा चौकोन घालावा, आणि तोच फॉर्म वराच्या जाहिरातीलाही लावावा. मला पहिलं हवंय. पोलीस ठाण्याकडून येणाऱ्या मजकुराला हात लावू नये, तो आहे तसाच जावा, हेही लिहिलं.

उद्या सकाळी साहेबांच्या टेबलावर ठेवणार. गिऱ्हाइकं नाराज होतील असं ते म्हणतील. वाळव्याच्या दादांची जाहिरात मंगळवारी छापून येतेय, ती दाखवेन.