कडकनाथ म्हणून आणलेली पिल्लं

दोन महिन्यांपूर्वी औशाच्या बाजारातून कोंबडीची सहा काळी पिल्लं आणली. विकणाऱ्यानं कडकनाथ जातीची म्हणून दिली, भावही तसाच घेतला. काल सांजच्याला डालग्याखाली कोंडताना आईनं एकाची चोच उघडून दाखवली. जीभ गुलाबी! तुऱ्यावर लाली चढलेली, पाय पिवळट. मला लई वाईट वाटलं.

नुसत्या काळ्या पिसांवरून जात ठरत नाही. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआकडचा, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची कातडी, जीभ, तुरा, पाय, सगळीकडं काळसर झाक असते. छातीवरच्या पिसांत फुंकर मारा, कातडी लगेच दिसते. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं. काळं अंडं सांगणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

सहातलं एक वेगळं आहे. मान लांब, पाय उंच, ताठ उभं राहतं, तुरा वाटाण्यासारखा बसका. आई म्हणाली, "ह्याच्यात असीलचं रक्त हाय." असील म्हणजे झुंजीच्या कोंबड्यांची जात. मलाही तसंच वाटतं. बाकी पाच गावरान मिसळीची. तरी एकही परत देणार नाही. सकाळी ज्वारीचा डबा वाजला की सगळी माझ्याच पायात येतात.