लंज करताना पाऊल मागे टाका

लंज हा पायांचा व्यायाम म्हटलं की बहुतेकजण एक पाय पुढे टाकतात आणि खाली बसतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते उलटं करावं. पुढे पाऊल टाकलं की अंगाचं वजन पुढे झेपावतं, आणि ते थोपवायचं काम मुख्यतः गुडघ्याच्या वाट्याला येतं. मागे पाऊल टाकलं की पुढचा पाय जागेवर रोवलेलाच राहतो. त्यामुळे तोल सांभाळणं सोपं जातं आणि कुरकुरणाऱ्या गुडघ्यालाही हा प्रकार बऱ्याचदा मानवतो.

घसरणारी चटई किंवा मऊ गादी नको. जाड, मऊ सोलच्या रनिंग शूजमध्ये घोटा डुगडुगतो. त्यापेक्षा सपाट सोलचे बूट किंवा अनवाणी पाय बरे. शेजारी भिंत असू द्या, पण तिला दोनच बोटं लावा. सगळा हात टेकला की पायाचं काम हात करायला लागतो.

पावलांमध्ये खुब्याइतकं अंतर ठेवून उभे राहा. उजवा पाय सरळ मागे न्या आणि चवडा टेकवा, टाच वरच राहील. मागे नेताना तो डाव्या पायाच्या रेषेत आणू नका. दोन्ही पाय रुळांसारखे समांतर हवेत. दोरीवर चालल्यासारखे एकामागे एक ठेवले तर डोलणारच. आता दोन-तीन सेकंद घेत, श्वास आत ओढत, सरळ खाली या. मागचा गुडघा जमिनीपासून दोन-चार सेंटीमीटरवर आला की थांबा. इथे दोन्ही गुडघे साधारण काटकोनात असतात. श्वास सोडत पुढच्या पायाने जमीन खाली दाबा आणि वर या.

मागचा पाय फक्त आधाराला आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मागच्या चवड्याने ढकलून वर आलात, तर ज्या मांडीसाठी आणि नितंबासाठी हा खटाटोप चाललाय, त्यांना सुट्टी मिळते. बहुतेक भार पुढच्या तळव्यावर हवा, तोही तीन ठिकाणी: टाच, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ. यातलं अंगठ्याचं मूळ सुटलं तर भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर गेलाय. टाच उचलली जात असेल तर पाऊल आखूड पडलंय किंवा घोटा ताठ आहे. अशा वेळी पाऊल थोडं लांब टाका.

गुडघा बोटांच्या पुढे जाऊच नये, हा नियम मात्र उगाच मोठा झालाय. टाच टेकलेली असेल आणि दुखत नसेल तर गुडघा थोडा पुढे गेल्याने बिघडत नाही. बिघडतं ते गुडघा आत, अंगठ्याच्या आतल्या बाजूला, कोसळतो तेव्हा. अनेकदा खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू कमी पडल्याने तसं होतं. गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या दिशेने ठेवा. जमत नसेल तर खोली निम्मी करा. मागच्या गुडघ्याखाली जाड उशी किंवा घडी केलेली चादर ठेवली की किती खाली जायचं ते आपोआप ठरतं.

धड अगदी ताठ ठेवण्याचा अट्टहास नको. खुब्यातून जरासं पुढे झुकलं की नितंबांना जास्त काम मिळतं. ताठ राहिलं की मांडीच्या पुढच्या भागाला. पाठ गोल होऊ द्यायची नाही, एवढं सांभाळा. खाली गेल्यावर कंबरेत बाक येत असेल तर मागच्या पायाच्या खुब्याचा पुढचा भाग आखडलेला असू शकतो. त्या बाजूचं नितंब आवळून धरा, बाक कमी होतो.

प्रत्येक पायाने 8 वेळा, असे 2 सेट, मध्ये मिनिट-दीड मिनिट विश्रांती. आठवड्यातून 2-3 दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सुरुवात कमजोर पायाने करा आणि दुसऱ्या पायाने त्याच्यापेक्षा एकही जास्त करू नका. सलग दोन वेळा 12 पर्यंत सहज पोचलात की मग दोन्ही हातांत 2-2 किलोचे डंबेल घ्या. शेवटच्या दोन वेळा पाय थरथरत असतील तर वजन वाढवायची घाई नको.

मांडीत जळजळ होणं आणि पुढचे एक-दोन दिवस अंग धरणं चालेल. गुडघ्यात टोचल्यासारखी कळ आली तर तिथेच थांबा. गुडघा सुजला, अडकला किंवा नुकतीच त्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय हा व्यायाम सुरू करू नका.