कपाट पोचवून घाटात मुक्काम

ताईने घर बदललं आणि तिचं सामान डोंगरापलीकडच्या गावी पोचवायची वेळ आली, तेव्हा ट्रक शोधावा लागला नाही. कपाट, गाद्या, वॉशिंग मशीन, पुस्तकांची खोकी, सगळं आमच्या व्हॅनमध्ये मावलं. ते उतरवल्यावर बाबा आणि मी त्याच व्हॅनमध्ये झोपत, रांधत, घाट आणि समुद्र असा लांबचा वळसा घेऊन घरी परतलो. मालवाहू व्हॅनचा कॅम्पर करायचा म्हटलं की बहुतेक जण तिच्यात घरच बांधून टाकतात: ओटा, कपाटं, सोफा, न्हाणी. मग त्या गाडीत एक सायकलसुद्धा उभी राहत नाही. आम्ही ती मालवाहूच राहू दिली. या प्रवासात त्याचं मोल जागोजागी जाणवलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

गाडी आहे फियाट डुकाटो, लांब आणि उंच टपाची. १९८१ पासून हे नाव चालत आलंय आणि कॅम्पर बनवणाऱ्यांची ती आवडती गाडी आहे. त्याची दोन कारणं अगदी शरीराला कळणारी आहेत. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असल्यामुळे मागे जाणारा लांब दांडा नाही, त्यामुळे मालाची फरशी जमिनीपासून कमी उंचीवर येते. वॉशिंग मशीन आम्ही दोघांनीच चढवलं. दुसरं म्हणजे भिंती बऱ्याच सरळ आहेत आणि आतली रुंदी १.८७ मीटरपर्यंत जाते. आतून फोम आणि प्लायवुड लावल्यावरही पावणेसहा फूट उंचीचे बाबा आडवे झोपू शकतात. माणूस आडवा झोपला की पलंगाला गाडीच्या लांबीतला थोडाच भाग लागतो.

पलंग म्हणजे दोन्ही भिंतींना बोल्टने घट्ट बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि त्यांवर टेकणाऱ्या तीन फळ्या. सामान भरायचं असेल तेव्हा फळ्या काढून केबिनमागच्या पत्र्याच्या भिंतीला उभ्या बांधायच्या. स्वयंपाकघर म्हणजे दोन कड्यांची एक पेटी. तीत एक शेगडी, पाण्याचा कॅन आणि भांडी. पेटी सरकत्या दाराशी, फरशीतल्या माल बांधायच्या कड्यांना पट्ट्याने आवळलेली असते. बस्स. बाकी फरशी मोकळी.

ही कल्पना माझी नाही, आणि नवीही नाही. फोक्सवॅगनने १९५० साली ट्रान्सपोर्टर ही व्हॅन बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यासाठी ‘कॅम्पिंग बॉक्स’ काढला. आठवडाभर गाडीने धंद्याचा माल वाहायचा, सुट्टी आली की फर्निचरचा तो संच आत ठेवायचा आणि निघायचं. पुढे कॅम्पर वाढत गेले, सामान गाडीला कायमचं चिकटत गेलं. मला मात्र तो पहिला विचारच आजही सर्वांत शहाणा वाटतो.

निघायच्या आधी वजनकाट्यावर गेलो. बाबांचा यावर कटाक्ष आहे. “अगं, जागा शिल्लक दिसते म्हणजे वजन शिल्लक आहे असं नाही,” ते म्हणाले. गाडीच्या कागदावर एकूण किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतो तो आपला वाटा, आणि त्यात फळ्या, बॅटरी, पाणी, माणसं सगळं आलं. इथेच घर बांधणारे अडकतात. १८ मिलिमीटरचं बर्चचं प्लायवुड दर चौरस मीटरला साधारण १२ किलो भरतं. तेच १५ मिलिमीटरचं पॉपलरचं घेतलं तर जवळजवळ निम्म्यावर येतं. शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो, तेही रस्त्यावर हेलकावणारं. आमच्या सामानात सर्वांत जड निघाली ती पुस्तकं. ती आणि मशीन खाली, पत्र्याच्या भिंतीला टेकवून, दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये येतील अशी ठेवली. कपाट उभं, दोन रॅचेट पट्ट्यांनी आवळलेलं.

ती पत्र्याची भिंत आम्ही मुद्दाम ठेवली आहे. आजकाल ती कापून पुढच्या खुर्च्या मागे वळणाऱ्या बसवायची फार हौस आहे. छान दिसतं, बैठक मोठी होते, हेही खरं. पण जोरात ब्रेक दाबला की मागचं कपाट आणि चालकाची पाठ यांच्यामध्ये काय आहे, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शिवाय रात्री केबिनच्या काचांमधून येणारी थंडी त्या भिंतीवरच अडते.

ताईकडे पोचलो, सामान लावून दिलं, एक दिवस राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात गाडी झाडून घेतली, फळ्या टाकल्या, गादी पसरली, आणि चहा होईतो मालाची गाडी झोपायची गाडी झाली. ताई दारात उभी राहून बघत होती. “बाबा, मीही येते,” ती म्हणाली, पण तिला नव्या घराची खोकी उघडायची होती.

परतीचा रस्ता चढत गेला. शेतं संपली, सूचिपर्णी झाडं लागली, मग तीही विरळ झाली. संध्याकाळी खिंडीच्या अलीकडे, मुक्कामाची परवानगी असलेल्या एका सपाट जागी थांबलो. उंची दोन हजार मीटरच्या आसपास. तिथे पाणी ९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे भाताला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. दार उघडं ठेवून रांधलं. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर फरशीवर साचतो. म्हणून पेटीच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक आहे. पलंगाच्या उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. या वायूला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला तो कळतच नाही. व्हॅनमध्ये झोपणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: पलंग नंतर बनवा, हा अलार्म आधी लावा. आणि शेगडी कधीही ऊब म्हणून पेटवून ठेवू नका.

थंडीसाठी सिलिंडरमध्ये कोणता गॅस आहे तेही बघून घ्यावं लागतं. ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेलं की वायूच होत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो. बॅटरीचंही तसंच. आमची लिथियम आयर्न फॉस्फेटची आहे, शंभर अँपिअर-तासांची, वजनाने बारा किलोच्या आसपास. पण तिच्या पेशी शून्य अंशाखाली असताना चार्ज केल्या तर आत लिथियमचा धातू साचतो आणि बॅटरी कायमची अधू होते. म्हणून ती पलंगाखाली आहे, आमच्याच उबेत. दुसऱ्या दिवशी इंजिन चालू झालं की तीस अँपिअरचा चार्जर तिला तीन-साडेतीन तासांत भरून काढतो. घाट उतरेपर्यंत तेवढा वेळ जातोच.

रात्री बाबा पलंगावर आडवे आणि मी खाली मोकळ्या फरशीवर, गादी टाकून लांबीत. घर बांधलेल्या व्हॅनमध्ये ही दुसरी जागा कुठून आली असती? बाहेर दव गोठायला लागलं होतं. अशा वेळी सगळं घट्ट बंद करून घ्यावंसं वाटतं, पण दोन माणसं रात्रभरात श्वासातून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. गार पत्र्याला ती वाफ लागली की पाणी होतं, फोमच्या मागे उतरतं आणि पत्रा आतून गंजायला लागतो. म्हणून टपावरचा पंखा अगदी हळू, हवा बाहेर टाकत, आणि केबिनची एक काच बोटभर खाली, अशी आमची पद्धत आहे. केबिनमागच्या पत्र्याच्या भिंतीत एका छोट्या जाळीएवढीच वाट हवेला मागे यायला ठेवली आहे. सकाळी केबिनच्या काचा आतून गोठल्या होत्या, मागच्या भिंती मात्र हाताला कोरड्या लागल्या. मला त्या कोरड्या भिंतीचा आनंद बाहेरच्या शिखरांइतकाच झाला.

उतारावर बाबांनी गाडी घेतली. खालचा गिअर, पाय ब्रेकवर क्वचित. वळणावर काहीही खडखडलं नाही. फळ्यांच्या कडांना फेल्टच्या पट्ट्या आहेत, त्यांचा हा उपयोग.

समुद्राकाठी पाऊस होता. पत्र्याच्या टपावर पाऊस मोठा वाजतो, पण आतून रबरासारख्या जड ध्वनिरोधक चादरीचे तुकडे चिकटवले की पत्र्याचा थरथराट दबतो. सगळा पत्रा मढवायची गरज नसते, मधला निम्मा भाग पुरतो. आम्ही मागची दारं उघडी टाकून, पलंगावर पाय सोडून बसलो. बाबा लाटांकडे बघत बराच वेळ बोलत राहिले: त्यांच्या तरुणपणीच्या प्रवासांबद्दल, आईबद्दल. घरी एवढं बोलणं होत नाही. ओल्या छत्र्या, वाळूचे बूट, टॉवेल सगळं पलंगाखाली गेलं, कारण पलंगाखाली कपाट नाही.

किनाऱ्यावर ओंडक्यासारखं एक वाहून आलेलं जाड लाकूड पडलं होतं. लाकूड नेता येईल का ते बाबांनी तिथल्या माणसाला विचारलं, त्याने हो म्हटलं. सव्वादोन मीटर लांब. एक फळी काढली, लाकूड आत सरकवलं, पट्टा आवळला. त्या रात्री माझी गादी त्याच्या शेजारी थोडी तिरकी टाकावी लागली, एवढंच.

आता गाडी दारात आहे. लाकूड उतरवलंय, फरशी धुतलीय. पुढच्या रविवारी शेजाऱ्यांना बागेसाठी माती आणायची आहे, त्यांनी विचारलं आणि बाबा लगेच हो म्हणाले. त्यासाठी फळ्या काढल्यात तेव्हा पट्ट्यांचे सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळून घेणार आहे. घाटाच्या थरथराटानंतर ते बघावेच लागतात.