गेट 4 ला ओंडका वळत नाही

मालाडच्या एका गेम स्टुडिओत मी एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट आहे, म्हणजे गेममधले डोंगर, वाटा, भिंती, वाडे बनवते. क्लायंट बाहेरचे असतात, नावं सांगता येत नाहीत. मागे एकदा युरोपातल्या मध्ययुगीन गडाची लेव्हल आली, रेफरन्स होता ऑस्ट्रियातला होखोस्टरवित्स. गूगल करून बघाच. सपाट शेतांतून एकदम वर आलेला खडक, त्याला वळसे घालत चढणारी साधारण 620 मीटरची वाट आणि तेवढ्यात 14 दरवाजे. चौदा! एक फोडला की पुढे दुसरा उभाच, आणि मधल्या टप्प्यात तुम्ही वरच्या तटाच्या थेट माऱ्यात.

गडाचा पहिला उल्लेख 860 सालचा आहे पण हे दरवाजे आणि तट खेव्हनह्युलर नावाच्या सरदाराने 1570 ते 1586 मध्ये करून घेतले, तुर्कांच्या धास्तीने. म्हणजे आपल्याकडे 1565 ची तालिकोटची लढाई होऊन गेल्यावर. क्लायंटची स्टोरी त्याच्या कितीतरी आधीची होती, पण पैसे ते देतात, आपण गप्प बसायचं.

तर डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी प्लेटेस्ट होती. हल्ला करणाऱ्यांकडे दरवाजे फोडायचा लोखंडी तोंडाचा ओंडका, म्हणजे रॅम, आठ सैनिकांनी उचललेला. पहिले तीन दरवाजे धडाधड फुटले, फळ्या उडाल्या, सगळे खूश. चौथ्याला मी वाट अगदी दरवाज्याच्या तोंडाशी वळवली होती, तिथे ओंडका आडवा अडकला. पुढचे सैनिक भिंतीला घासतायत, मागचे कठड्यावर, वरून बाण, आठच्या आठ गेले. पुढच्या राऊंडला पण तेच. पोरं टेबल बडवून हसत होती पण लीडचा चेहरा बघण्यासारखा झाला आणि थोड्या वेळात माझ्या नावावर तिकीट, म्हणजे दुरुस्तीची नोंद, पडलं, 'गेट 4 ला रॅम वळत नाही, प्रायॉरिटी हाय.'

"वळण काढ आणि दरवाज्यासमोर मोकळी सपाट जागा दे, रात्री बिल्ड जायला पाहिजे," लीड म्हणाले.

मी काही बोलायच्या आत टेस्टिंगमधला एक पोरगा माझ्या डेस्कवर आला. डोंबिवलीचा, सुट्टी मिळाली की कुठल्या ना कुठल्या गडावर. "ताई, वळण काढू नका हां, हा आपला महादरवाजा आहे!" आणि मोबाईलमधले रायगडचे फोटो काढून बसला. गोमुखी बांधणी. खालून चढून येताना दरवाजा दिसतच नाही, दिसतात ते दोन बुरूज, एक 75 फुटी, एक 65 फुटी, आणि त्यांच्या बेचक्यात शिरून वळलात की मग दरवाजा समोर. तोपर्यंत तटातल्या जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, तुमच्यावर रोखलेल्या. हत्तीला धडक द्यायला आधी पळायला जागा लागते, ती तिथे नाहीच.

मला हे ऐकून माहीत होतं पण आपल्याच मॉडेलमध्ये समोर घडताना बघितलं तेव्हा खरं कळलं. दगडी तटात दरवाजा हाच सगळ्यात कच्चा भाग, लाकूडच ते शेवटी. त्याला बाहेरून अणकुचीदार खिळे, आतून भिंतीत सरकणारा अडसर, येण्याजाण्यापुरती दिंडी म्हणजे दारातलं छोटं दार, हे सगळं आहेच, पण समोरच्याला नीट उभंच राहू द्यायचं नाही हा खरा बंदोबस्त. ओंडकासुद्धा मागेपुढे झुलवायला दरवाज्यासमोर सरळ जागा मागतो. ऑस्ट्रियातल्या गवंड्याने रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नावही ऐकलं नसणार, तरी चढावरच्या दरवाज्याला दोघांनी शत्रूची अडचणच केली.

आम्ही दोघं फोटो घेऊन लीडकडे. ते म्हणाले, प्लेयरला इतिहास नको, मजा पाहिजे, आणि त्यांचं अगदीच चूक नव्हतं, एकाच जागी पाच वेळा मेलं की माणूस गेम बंद करतो. मग म्हणाले, "एवढा भारी दरवाजा होता तर रायगड पडला कसा?"

"सर, 1818 ला इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वर आगी लागल्या. महादरवाजा नाही कोणी फोडला."

लीड गप्प. मग म्हणाले, क्लायंटलाच विचारू.

रात्री कॉल झाला. तिकडच्या डिझायनरने ओंडका अडकल्याचा व्हिडिओ दोनदा बघितला, दुसऱ्यांदा तर मोठ्याने हसला, आणि म्हणाला वळण ठेवा. फक्त ओंडका अडकला की सैनिकांनी तो खाली टाकून कुऱ्हाडी काढायला पाहिजेत, म्हणजे प्लेयरला काहीतरी करता येईल. डोंबिवलीकराने तिकडेच तिकीट बंद केलं, शेरा मारला 'बग नाही, गड आहे', आणि लीडने तो पुसायला लावला.

कुऱ्हाडीचं अ‍ॅनिमेशन मात्र कोणाकडे तयार नव्हतं. अ‍ॅनिमेशन टीमची लोणावळ्याची पिकनिक त्यात गेली, आणि पुढे बरेच दिवस कॅन्टीनमध्ये मी दिसले की ती मंडळी ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायची.