खिडकीतले 14 लक्स

घरातले सगळे दिवे बंद केले तरी समोरच्या भिंतीवर खिडकीच्या गजांची सावली उमटायची. गज मोजता यायचे, इतकी ठसठशीत. मागच्या व्यापारी संकुलाने पार्किंगमध्ये नवे एलईडी फ्लडलाइट बसवले तेव्हापासून हे सुरू झालं. जाड पडदे लावले, तर फटीतून उजेडाची एक पट्टी बरोब्बर उशीवर.

पहिला अर्ज मी तावातावाने लिहिला: ‘डोळे दिपवणारा, असह्य उजेड.’ नियोजन विभागातल्या बाईंनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, “असह्य म्हणजे किती?” मग नियमावली माझ्यापुढे सरकवली. व्यापारी क्षेत्राच्या प्रकरणात दिव्यांबद्दल एकच ओळ होती, ‘शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये.’ किती उजेड म्हणजे उपद्रव, तो मोजायचा कुठे, याबद्दल अक्षर नाही. अशा ओळीवर नोटीस काढली तर समोरचा “मला नाही होत उपद्रव” म्हणून मोकळा. नियमावलीत सुधारणा चालू आहे आणि हरकती-सूचना घेणं सुरू आहे, हेही त्यांनीच सांगितलं. अर्ज वाया गेला, पण ही माहिती मिळाली.

मग लक्स मीटर, म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते लक्स या एककात मोजणारं यंत्र, उसना आणला. खिडकीच्या कट्ट्यावर आडवा ठेवला, तर आकडा जेमतेम 2. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगाची मार्गदर्शक मर्यादा मध्यम उजेडाच्या वस्तीसाठी खिडकीवर 10 लक्स आणि रात्री उशिरा 2 लक्स अशी आहे. म्हणजे कागदावर मी हरलेच होते. दोन दिवस तोंड पाडून बसले. मग ती मर्यादा पुन्हा नीट वाचली. मोजणी खिडकीच्या उभ्या पातळीत करायची असते! लांबच्या खांबावरचा उजेड तिरपा, जवळजवळ आडवाच येतो. मीटर आकाशाकडे तोंड करून ठेवला तर त्याला तो दिसणार कसा? मीटर उभा धरला आणि आकडा 14 वर गेला. पौर्णिमेचं टिपूर चांदणंसुद्धा 0.3 लक्सच्या आसपास असतं, म्हणजे माझ्या उशीशी रोज किती चंद्र उगवत होते ते बघा.

सुधारणेच्या मसुद्यात मर्यादा होती, पण वॅटमध्ये. हा हॅलोजनच्या काळातला हिशेब. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. हॅलोजन एका वॅटमागे 20 ल्युमेनच्या आसपास देतो, एलईडी शंभराच्या वर. तेवढ्याच वॅटमध्ये पाचपट उजेड पाडून संकुल नियमात बसलं असतं. माझी मुख्य हरकत एवढीच होती: वीज किती खाल्ली ते मोजू नका, हद्दीपलीकडे उजेड किती सांडला ते मोजा. आणि मोजताना मीटर उभा धरायचा, हे नियमातच लिहा.

सुनावणीत अपेक्षेप्रमाणे सुरक्षेचा मुद्दा आला. “दिवे कमी केले तर चोऱ्या होतील.” हे म्हणणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही, रात्री दुकान बंद करून एकट्याने गाडीकडे जावं लागतं त्यांना. समिती रात्री जागेवर पाहणीला आली तेव्हा मी मुलाला भिंतीपाशी, थेट दिव्याखाली उभं केलं होतं. कोणालाच तो दिसला नाही. मग मी अध्यक्षांना हात वर करून फक्त दिवा झाकायला सांगितलं. “अरे, तिथे कोणीतरी उभं आहे!” चकाकीमुळे सावलीतलं दिसत नाही, हे पत्रात मी तीनदा लिहिलं होतं, ते पटलं मात्र हाताच्या पंजाने.

“असले नियम कुठे असतात का?” असंही एकाने विचारलं. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफने 1958 मध्येच जाहिरातींच्या सर्चलाइटवर बंदी घातली होती, हे मी पाठच करून गेले होते.

शेवटी मंजूर झालं ते असं: दिव्याला पूर्ण आवरण, आडव्या रेषेच्या वर उजेड जाता कामा नये, उजेडाचा रंग 3000 केल्विनपेक्षा पांढरा नको (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड पांढरा), हद्दीवर लक्सची मर्यादा आणि दुकानं बंद झाल्यावर उजेड निम्मा. चमकत्या फलकांचं कलम वेगळं, कारण फलक दुसऱ्यावर किती उजेड पाडतो यापेक्षा स्वतः किती चकाकतो ते बघायचं असतं.

आणि तळटीप: आधीपासून बसवलेल्या दिव्यांना ते बदलेपर्यंत सूट! म्हणजे ज्या दिव्यांसाठी एवढा खटाटोप केला, तेच मोकळे.

पण पाहणीच्या रात्री संकुलाचे व्यवस्थापकही तिथे होते. पुढच्याच आठवड्यात एक माणूस शिडी घेऊन आला, चारही दिव्यांचे नट सैल केले आणि त्यांची तोंडं जमिनीकडे वळवली. पाऊण तासाचं काम. त्या रात्री खिडकीवर मीटर उभा धरला, आकडा 3. उरलेला उजेड कोपऱ्यातल्या फलकाचा आहे. तो दुसऱ्या कलमात येतो, आणि त्यासाठी लागणारं मीटरही वेगळं.