अर्थमंत्री नक्की काय करू शकतात? तुम्ही विचारलंत म्हणून

फेब्रुवारी आला की लोक विचारतात, पेट्रोल वाढलं की विचारतात, गृहकर्जाचा हप्ता वाढला की मग तर हमखास. "दिल्लीत अर्थमंत्र्यांच्या हातात सगळं असतं ना? मग गोव्याचं एवढं साधं काम का होत नाही?" उत्तर द्यायला सुरुवात केली की दोन मिनिटांत विषय क्रिकेटवर जातो, म्हणून एकदाचं लिहून काढतो. अर्थसंकल्प, हलवा, लाल बस्ता हे तुम्हाला ठाऊक आहे, ते परत उगाळत नाही.

जे त्यांच्या हातात नाही ते आधी बाजूला काढू. गृहकर्जाचा हप्ता ज्या रेपो दराने (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते) हलतो, तो रिझर्व्ह बँकेची सहा जणांची समिती ठरवते. त्यातले तिघे केंद्र सरकार नेमतं, महागाईचं 4 टक्क्यांचं लक्ष्यही सरकारच रिझर्व्ह बँकेशी बोलून ठरवतं, पण मतदानाच्या टेबलावर अर्थमंत्री नसतात. नोटेवर सही गव्हर्नरची, एक रुपयाच्या नोटेवर वित्त सचिवांची. मंत्र्यांची कशावरच नाही. पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन वेगळे कर आहेत. 2012 मध्ये मुख्यमंत्री पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला आणि लिटरमागे साधारण अकरा रुपये उतरले. त्यासाठी दिल्लीला विचारावं लागलं नव्हतं. हे मी निदान फोंड्यातल्या लोकांना तरी सांगायला लागू नये, त्यांनी त्या दराने टाक्या भरून घेतल्या आहेत.

आता जे हातात आहे ते. इथे मला जरा लांबण लावावी लागणार, कारण गोव्यापुरतं बोलायचं तर या पदाची खरी ताकद एका शनिवारी संध्याकाळी दिसली.

तारीख 21 मे 2022. निर्मला सीतारामन यांनी पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे 8 रुपयांनी आणि डिझेलवरचं 6 रुपयांनी कमी केलं. बातमी झाली ती याची. त्याच घोषणेच्या शेपटाला लोहखनिज होतं. 58 टक्क्यांपेक्षा कमी लोह असलेल्या खनिजावर तोवर निर्यात शुल्क शून्य होतं, त्यावरच्यावर 30 टक्के. दुसऱ्या दिवसापासून दोन्हींवर 50.

गोव्यातून बाहेर जाणारा माल बहुतेक 58 च्या खालचा. आपल्या देशातल्या भट्ट्यांना तो फारसा नको असतो. चीनला चालतो, कारण तिथले कारखाने तो ऑस्ट्रेलिया-ब्राझीलच्या उंची खनिजात मिसळून वापरतात. तोही ताजा माल नव्हे: सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च 2018 पासून खाणी बंद होत्या, हलत होता तो आधी काढून ठेवलेला आणि लिलावात गेलेला साठा.

हिशेब मांडून बघा. समजा मुरगावला जहाजावर चढवलेल्या मालाची किंमत टनाला 3,000 रुपये. शुल्क याच किमतीवर, म्हणजे 1,500 सरकारजमा. उरलेल्या 1,500 मध्ये लिलावाची रक्कम, ट्रक, बार्ज, बंदराचा आकार आणि बँकेचं व्याज. चीनचा खरेदीदार आंतरराष्ट्रीय भाव देतो. तुमच्या सरकारने किती कापले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणजे शुल्क पुढे ढकलता येत नाही, ते मागेच सरकतं, ट्रकवाल्यापर्यंत. आणि "आमचा करार आधीचा आहे" हे कस्टम्समध्ये चालत नाही. कराराची तारीख नव्हे, कस्टम्स अधिकाऱ्याने माल चढवायला परवानगी दिली ती तारीख धरतात. त्या दिवशीचा दर तुमचा दर. शनिवारी भाव ठरवलेलं जहाज सोमवारी तोट्यात गेलेलं असतं.

हे सगळं संसदेला आधी न विचारता होतं. सीमाशुल्क दर कायदा, 1975 च्या कलम 8 खाली सरकार निर्यात शुल्क तातडीने वाढवू शकतं. मसुदा महसूल विभागाच्या टॅक्स रिसर्च युनिटमध्ये तयार होतो, राजपत्रात येतो, खाली सही उपसचिव किंवा अवर सचिवाची. संसदेपुढे ती अधिसूचना नंतर ठेवतात आणि मंजुरी घेतात. तोवर जहाज गेलेलं असतं, किंवा गेलेलं नसतं.

कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. एप्रिल 2022 ची घाऊक महागाई 15 टक्क्यांवर होती, पोलादाचे भाव चढलेले होते, कच्चा माल देशात राहावा असा हेतू होता. पण जो माल देशात कोणी घेतच नाही तो अडवून पोलाद कसं स्वस्त होणार, हा तेव्हाचा माझा मुद्दा, आणि मी तो बराच आवाज चढवून मांडत असे.

यावर उलट बाजूने बोलायचं तर दोन गोष्टी आहेत. एक, 58 ची रेघ कागदावर दिसते तितकी सरळ नाही. 62 टक्के लोहाचं सुकं खनिज 8 टक्के ओलीसकट मोजलं की 57 वर येतं. ओल धरायची की वजा करायची यावरचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. वरच्या प्रतीवर शुल्क आणि खालच्या प्रतीला सूट ठेवली की वरचा माल खाली उतरवून पाठवायचा मोह होतो. अधिकाऱ्याला दोन्ही एका दरात घेणं सोपं जातं. दुसरं, मे संपताना आपला खनिजाचा हंगाम तसाही आटोपतो, पावसाळ्यात बार्जेस बांधलेल्या असतात. शुल्क मागे घेतलं 19 नोव्हेंबरला, नवा हंगाम उघडत असताना, 58 खालच्या मालावर परत शून्य. म्हणजे अर्धाअधिक काळ पावसानेच भरून काढला. मग गोव्याचं नुकसान आम्ही ओरडलो तेवढं झालं का? बहुधा नाही. पण त्याच सुमारास राज्य सरकार खाणपट्टे लिलावाला काढत होतं आणि त्यात खनिजाच्या किमतीचा किती टक्के हिस्सा देणार यावर बोली लागते. निर्यात शुल्क एका संध्याकाळीत 50 होऊ शकतं हे कळलेला माणूस पन्नास वर्षांच्या पट्ट्यासाठी बोली कशी लावेल? हे नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. माझं यावर अजून एकमत होत नाही, माझ्याशीच.

"म्हणजे अर्थमंत्री म्हणाल ते करू शकतात," असं आता तुम्ही म्हणाल. मग पणजीतलाच 20 सप्टेंबर 2019 चा दिवस घ्या. सकाळी इथे पत्रकारांसमोर सीतारामन यांनी कंपनी कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं. मार्ग होता वटहुकुमाचा, सोडलेला महसूल वर्षाला 1.45 लाख कोटी, आणि सेन्सेक्स त्या दिवशी 1,921 अंकांनी चढला. या कराच्या वाटपयोग्य भागातले 42 टक्के तेव्हा राज्यांचे होते. राज्यांना विचारलं होतं का? नाही, गरज नव्हती. त्यानंतर जीएसटी परिषदेची, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांची, बैठक, आणि तिथे हॉटेलची खोली. साडेसात हजारांवरच्या भाड्याचा कर 28 वरून 18, हजाराच्या वर साडेसात हजारांपर्यंतचा 12. कळंगुटच्या हॉटेलवाल्यांना हवा होता तसा निर्णय झाला, पण तो एकट्या अर्थमंत्र्यांचा नव्हता, असूच शकत नव्हता.

परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश आणि मंजुरीला तीन चतुर्थांश लागतात. 31 सदस्य राज्यांत (विधानसभा असलेले तीन केंद्रशासित प्रदेश धरून) ते वजन समान वाटलेलं, म्हणून गोवा आणि उत्तर प्रदेश सारखेच, प्रत्येकी सव्वादोनच्या आत. केंद्र एकटं अडवू शकतं, पण सगळे हजर असतील तर मंजुरीसाठी त्याला वीस राज्यं सोबत घ्यावी लागतात. प्रत्यक्षात मतदान क्वचित होतं, डिसेंबर 2019 मध्ये लॉटरीवर पहिल्यांदा झालं. कॅसिनोंच्या बाबतीत 2023 मध्ये गोव्याने मागितलं होतं की कर कॅसिनोला उरलेल्या रकमेवर लावा. ते मिळालं नाही; मिळालं इतकंच की प्रत्येक डावावर नव्हे, विकत घेतलेल्या चिप्सवर 28 टक्के. सप्टेंबर 2025 पासून ते 40 झाले. याचा राग अर्थमंत्र्यांवर काढायचा तर एक तृतीयांश काढा.

पैशांचं मात्र थोडक्यात सांगतो. 2025-26 चा केंद्राचा अंदाजित खर्च 50.65 लाख कोटी, त्यातले 12.76 लाख कोटी नुसतं व्याज. संरक्षण, निवृत्तिवेतन, धान्य, खतं बाजूला काढली की मंत्र्यांना हलवायला फार कमी उरतं. नवी योजना 500 ते 1,000 कोटींची असेल तर त्या खात्याच्या मंत्र्यांसोबत अर्थमंत्र्यांचीही मंजुरी लागते, त्यावर गेली की मंत्रिमंडळ. राज्यावर केंद्राचं कर्ज बाकी असेल तर घटनेच्या कलम 293 प्रमाणे नवं कर्ज काढायलाही केंद्राची परवानगी लागते, आणि ती फाईल अर्थमंत्रालयात असते. अर्थमंत्र्यांचं बरंचसं काम नाही म्हणण्याचं आहे, असं मी पूर्वी ठासून सांगायचो. मे 2022 नंतर ते वाक्य मला अपुरं वाटतं, पण दुसरं सुचलेलं नाही.

"मग आम्ही करायचं काय?" हा पुढचा प्रश्न. जीएसटीचा दर बदलून हवा तर दिल्लीला जाऊ नका, पणजीत राज्याच्या व्यावसायिक कर खात्याकडे जा. तिथून विषय परिषदेच्या फिटमेंट कमिटीपुढे, म्हणजे दर सुचवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या समितीपुढे, नेता येतो. सीमाशुल्काचं गाऱ्हाणं असेल तर अर्थसंकल्पाआधी, सूचना मागवतात तेव्हा, टॅक्स रिसर्च युनिटला लिहा. पत्रात "गोव्यावर अन्याय" असलं काही नको. लोहखनिजाचं शुल्कशीर्ष 2601 11, लोहाचं प्रमाण सुकं किती आणि ओलीसकट किती, गेल्या तीन वर्षांची निर्यात टनांत, देशात खरेदीदार कोण आणि त्याने किती उचललं, एवढं एका पानात घाला. उत्तर येईलच असं नाही, आणि पुढच्या एखाद्या शनिवारी दर परत बदलला तर हे पान तुम्हाला वाचवणारही नाही. पण 58 च्या रेघेवर तिथे कोणी विचार करायला बसलाच, तर त्याच्या फाईलमध्ये गोव्याचे आकडे तरी असतील.