सर्व्हर चालू होता, पण पहाटे २:४७ चा

परभणीच्या एका दैनिकाच्या ऑपरेटरचा फोन आला ११:२० ला. "सर, सकाळपासून टाकलेल्या बातम्या कुठं गेल्या? साइटवर कालच्याच दिसू लागल्यात." मी म्हटलं, ब्राउझरचा कॅशे असेल, कंट्रोल-एफ५ दाबा. वेबसाइट होस्टिंगच्या, म्हणजे लोकांच्या साइट आणि मेल आपल्या सर्व्हरवर ठेवायच्या, धंद्यातला माणूस हे उत्तर झोपेतही देतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. "दाबलं सर. मोबाइलवर पण तेच."

मग सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. एका ओळीवर वेळ होती ११:०१:४०. तिच्या लगेच वरच्या ओळीवर ०२:४७:१३. मध्ये काही नाही. मेल, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि लॉगिनचे प्रयत्न मिळून मिनिटाला पन्नासेक ओळी पडतात त्या फाइलीत. तिथले सव्वाआठ तास कात्रीनं कापावेत तसे नाहीसे झाले होते. बाहेरून लक्ष ठेवणारा मॉनिटर मात्र हिरवा होता. साइट उघडते का, एवढंच तो विचारत होता, आणि साइट उघडत होती.

हे सगळं स्वतःचा सर्व्हर घेतल्यापासून एकोणिसाव्या दिवशी घडलं, मृगाला चार दिवस असताना.

त्याआधीची सात वर्षं छत्रपती संभाजीनगरातून रीसेलर खात्यावर काम चाललं. मोठ्या वाड्यातल्या काही खोल्या भाड्यानं घ्यायच्या आणि आत पोटभाडेकरू ठेवायचे, असा तो प्रकार. जालन्याचे बियाणेवाले, लातूरचे क्लासेस, दोन-तीन जिल्हा दैनिकं, पतसंस्था, शाळा अशी १४० खाती होती. निकालाच्या दिवशी लातूरच्या क्लासच्या साइटवर ५०८ ची पाटी लागायची. सर्व्हरवरच्या क्लाउडलिनक्स प्रणालीनं त्या खात्याला घातलेली मर्यादा संपली, एवढाच तिचा अर्थ. खोल्या देणाऱ्या वरच्या कंपनीला विचारलं की "प्लॅन वाढवा." त्याच आयपीवरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच पत्त्यावरच्या, कोण्या अनोळखी शेजाऱ्यानं स्पॅम सोडला की आमच्या पतसंस्थेची पत्रं परत यायची. २०१९ पासून सीपॅनेलचं, म्हणजे खाती सांभाळायच्या सॉफ्टवेअरचं, लायसन्स खात्यांच्या संख्येवर लागतं, त्यामुळे खाती वाढवून स्वस्त पडेल हे जुनं गणितही उरलं नव्हतं. शेवटी नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे पूर्ण यंत्रच, भाड्यानं घेतला: ६४ जीबी रॅम, २ टीबीच्या दोन डिस्क, रेड-१, म्हणजे दोन्हींवर एकच मजकूर. दोन ट्रेवाला, म्हणजे डिस्क बसवायच्या दोनच खणांचा, घेतला, कारण चार ट्रेवाल्याचं भाडं जास्त होतं. याकडे पुन्हा येतो.

खाती हलवणं ऐकायला अवघड वाटतं, पण पॅनेलवरून पॅनेलवर ती आपोआप जातात. त्रास कडेकडेनं होतो. साइटच्या नावावरून आयपी सांगणाऱ्या डीएनएसचा टीटीएल, म्हणजे नोंद धरून ठेवायची मुदत, १४४०० सेकंद असतो, म्हणजे चार तास. तो दोन दिवस आधीच ३०० वर आणून ठेवायचा, नाहीतर हलवल्यावरही निम्मे लोक जुन्या घरी जात राहतात. नेमसर्व्हर, म्हणजे या नोंदी ठेवणारा सर्व्हर, बदलायची घाई करायची नाही. डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरच्या नोंदी ४८ तास धरून ठेवल्या जातात. म्हणून आधी जुन्याच झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या फाइलीत, नवा आयपी टाकायचा, आणि सगळं स्थिर झालं की नेमसर्व्हर. हे सगळं डोमेनचा पासवर्ड हाताशी असेल तर. आमच्याकडं निम्म्या लोकांचा पासवर्ड "ज्या पोरानं साइट बनवली त्याच्याकडं" असतो, आणि तो पोरगा आता पुण्यात नोकरीला असतो. दुकानाचा सातबारा कपाटात जपून ठेवणारी माणसं डोमेनच्या बाबतीत इतकी बेफिकीर कशी, हे मला अजून कळलेलं नाही.

मेलचं वेगळंच. नव्या आयपीला आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, आपल्याला लावता येत नाही. आयपी ज्याचा, तोच ती लावतो. म्हणून डेटा सेंटरकडे पहिलं टिकीट, म्हणजे लेखी विनंती, त्याचं टाकायचं, आणि त्या नोंदीतलं नाव परत त्याच आयपीकडे येतं ना हे बघायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत कडक झालंय. प्रत्येक डोमेनच्या एसपीएफमध्ये, म्हणजे त्या नावानं मेल कुणी पाठवायचे त्या यादीत, जुना आयपी तसाच राहिलेला असतो, तोही बदलायचा. एवढं करूनही कोऱ्या आयपीवर पहिला आठवडा संशय असतोच. सगळ्यांचे मेल एकदम सोडले तर आउटलुकवाले दार लावून घेतात.

परभणीच्या त्याच दैनिकानं हलवाहलवीतला सगळ्यात चांगला गुंता दिला होता. नव्या सर्व्हरवर आल्यावर त्यांची पूर्ण साइट रोमन कचऱ्यानं भरली. डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, त्यापुढं चार कोपऱ्यांना टोकं फुटलेलं चलनाचं चिन्ह, मग एखादं अक्षर, की पुन्हा तोच ए. ही जोडी दिसली की ओळखायचं, खाली देवनागरी शाबूत आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या साठवणपद्धतीत, तीन बाइटचं, आणि पहिले दोन बाइट बहुतेकदा तेच. जुन्या सर्व्हरवर मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस होता. तिथं टेबलही लॅटिन-१, म्हणजे फक्त रोमन अक्षरांच्या पद्धतीचं, आणि जोडणीही लॅटिन-१, त्यामुळे मराठीचे बाइट न बघताच आत जात आणि तसेच बाहेर येत. दोन चुका एकमेकींना सांभाळून होत्या. मायएसक्यूएल ८ ची जोडणी यूटीएफ-८ ची, त्यामुळे एक चूक सुधारली आणि दुसरी उघडी पडली. इलाज असा: डंप, म्हणजे डेटाबेसची प्रत, घेताना जोडणी मुद्दाम लॅटिन-१ ची ठेवायची, म्हणजे बाइट जसेच्या तसे फाइलीत उतरतात. मग फाइलीतलं टेबलांचं आणि जोडणीचं लॅटिन-१ बदलून यूटीएफ-८-एमबी-४ करायचं आणि परत आत भरायचं. अकरा वर्षांच्या बातम्या चाळीस मिनिटांत मराठीत परतल्या. त्या रात्री मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल करतो.

आता त्या दिवसाकडे. पहाटे २:४७ ला एक डिस्क लिहिताना अडखळली आणि रेडनं तिला बाहेर काढलं. यात नवल नाही, रेड-१ त्यासाठीच असतं. स्थिती दाखवणाऱ्या फाइलीत कंसात दोन यू असावे लागतात, तिथं एक यू आणि एक आडवी रेघ होती. डिस्कच्या तब्येतीच्या, म्हणजे स्मार्टच्या, तक्त्यात १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या पेंडिंग सेक्टरच्या ओळीत, आकडा १०४. सकाळी सातला सर्व्हरनं पाठवलेला इशाऱ्याचा मेल पाहिला. एसडीबी या डिस्कची उरलेली दोन पार्टिशनंही, म्हणजे डिस्कचे बाकीचे भागही, रेडमधून काढून ठेवली आणि ८:१० ला टिकीट टाकलं: "एसडीबी खराब आहे, चालू सर्व्हरवरच बदला."

माझी चूक इथली. एसडीए, एसडीबी ही नावं कर्नल, म्हणजे सर्व्हरच्या प्रणालीचा गाभा, देतो, डिस्क ज्या क्रमानं सापडतील त्या क्रमानं. डेटा सेंटरमधल्या टेक्निशियनला दिसतात ते ट्रे. कुठला ट्रे एसडीबी, हे त्याला ठाऊक असायचं कारणच नाही. त्यानं दुसरा ट्रे ओढला, आणि या यंत्रात दुसऱ्या ट्रेमध्ये एसडीए होती. चांगली डिस्क. डिस्कच्या लेबलवर सीरियल नंबर छापलेला असतो आणि तोच नंबर स्मार्टच्या कमांडमध्येही दिसतो. टिकिटात तो लिहायला वीस सेकंद लागले असते. न समजणारं नाव वाचून त्यानंही एकदा विचारायला हवं होतं, पण दिवसाला किती ट्रे ओढतो त्याचा हिशेब घेतला तर त्याच्यावर रागावता येत नाही.

हे १०:५२ ला. सर्व्हर गोठला. टेक्निशियनला पडद्यावर चुकांच्या ओळी धावताना दिसल्या, तेव्हा त्यानं माहीत होतं ते केलं, म्हणजे यंत्र बंद करून चालू केलं. समोर एकच डिस्क होती, रेडनं हाकललेली एसडीबी. पण रेडमधून काढलेल्या डिस्कवर "तुला काढलंय" असं कुठं लिहिलं जात नाही. ती नोंद उरलेल्या डिस्कवर होते. एसडीबीच्या स्वतःच्या मेटाडेटात, म्हणजे तिच्यावरच्या रेडच्या नोंदीत, ती अजून मानाची सदस्य होती आणि जोडीदार काही आला नव्हता. अर्धा मिनिट वाट पाहून रेड एकट्या डिस्कवर उभं राहिलं. वेब, मेल, डेटाबेस, सगळं सुरू झालं. पहाटे २:४७ च्या स्थितीत.

आणि सुरू झालं म्हणजे लिहू लागलं. नुसतं जुनं दिसणं परवडलं असतं. ११:०१ पासून नवे मेल त्या जुन्या घरात येऊन पडत होते. लोकांचे फोन आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवर दिसेल तेच आपल्याकडे ठेवणारे. सर्व्हरवर सकाळचे मेल नाहीत असं दिसल्यावर त्यांनी आपल्याकडचेही पुसून टाकले. जालन्याच्या बियाणे कंपनीच्या पानावर डीलरच्या खरिपाच्या ऑर्डर चालू होत्या. २३१८ हा नंबर सकाळी आठला बदनापूरच्या दुकानाला मिळाला होता. डेटाबेसला आता सकाळ आठवत नव्हती, त्यानं ११:०९ ला तोच २३१८ सेलूच्या दुकानाला दिला. दोघांनाही पक्का झाल्याचा एसएमएस गेला.

११:२४ ला सर्व्हर बंद केला. ऑपरेटरनं फोन केला नसता तर संध्याकाळपर्यंत चाललं असतं.

पुढचं काम क्रमानं करावं लागतं, आणि त्यात एकच नियम: या दोन डिस्क आता एकत्र लावायच्या नाहीत. दोघींच्याही मेटाडेटात दुसरी अनुपस्थित आहे, दोघीही स्वतःला खरी समजतात. टेक्निशियनला फोनवरच थांबवलं. एसडीए हातात धरून तो ती परत बसवायला निघाला होता. एसडीबी एकटीच आत ठेवून नेटवर्कवरून रेस्क्यू, म्हणजे डिस्कशिवाय चालणारी दुरुस्तीची प्रणाली, चालू केली आणि डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली. मेल साठवायच्या मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल, आणि नावाच्या सुरुवातीला सेकंदांतली वेळ. त्यामुळे ११:०१ नंतरच्या फाइली शोधून बाहेर काढणं सोपं गेलं: ३१२ मेल. डेटाबेसचं पूर्ण फोल्डर दुसऱ्या यंत्रावर नेऊन त्याच आवृत्तीच्या मायएसक्यूएलवर चालू केलं आणि त्या २३ मिनिटांतल्या ओळी काढल्या: चार ऑर्डर, एका शाळेचे दोन प्रवेश अर्ज. मग यंत्र बंद, एसडीबी बाहेर, एसडीए आत. यावेळी सीरियल नंबरचे शेवटचे चार अंक टेक्निशियनकडून वाचून घेतले. दोन्ही डिस्क एकाच खेपेतल्या, नंबरमध्ये फरक फक्त शेवटच्या दोन अक्षरांचा. १०:५२ ची स्थिती परत आली. डेटाबेसमधली इनोडीबी प्रकारची टेबलं स्वतःहून सावरली, दैनिकाची दोन मायआयसॅम टेबलं हातानं दुरुस्त करावी लागली.

रात्रीचा बॅकअप होताच, दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर, १:४० ला पूर्ण झालेला. पण त्यात सकाळ कुठून असणार?

बदली डिस्क आली ती "नवी" म्हणून. स्मार्टमध्ये ती २१,००० तास चाललेली निघाली, म्हणजे दोन वर्षं आणि पाच महिने. भाड्याच्या सर्व्हरमध्ये हे असंच चालतं. पार्टिशनचा नकाशा जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर उतरवताना एसजीडिस्कच्या कमांडमध्ये आधी जिच्यावर लिहायचं ती, मग जिच्यावरून घ्यायचं ती. उलट झालं तर चांगल्या डिस्कवरचा नकाशा कोरा होतो. ती ओळ मी तीनदा वाचून मग एंटर दाबला. नवी डिस्क भरून रेड पूर्ण व्हायला साडेचार तास लागले. ग्रब, म्हणजे यंत्र सुरू करून देणारा प्रोग्राम, नव्या डिस्कवरही टाकला, तो लोक विसरतात.

बियाणे कंपनीच्या मॅनेजरचा फोन तेवढ्यात येऊन गेला होता. "दादा, दोन्ही दुकानाला नंबर एकच, आता गाडी कुणाकडं पाठवू?" सेलूवाल्याला २३४० दिला आणि मीच फोन करून सांगितलं. त्याला काही वाटलं नाही. त्याला बॅगा वेळेवर हव्या होत्या.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. एसडीबीला रेडमधून काढल्यावर तिचा मेटाडेटा पुसून टाकला असता, तर टेक्निशियननं चुकीचा ट्रे ओढल्यावर यंत्र उभंच राहिलं नसतं. साइट तासभर बंद, लोकांच्या शिव्या, पण दोन २३१८ नाहीत. जाणती माणसं हेच सांगतात. पण पहाटे २:४७ पासून डिस्क बदलेपर्यंत माझ्याकडे १४० खात्यांची एकच धड प्रत होती, त्याच खेपेतल्या, तेवढ्याच तास चाललेल्या डिस्कवर. त्या काळात तीही गेली असती तर दुसरी प्रत होती ती एसडीबीवरच, शंभरेक सेक्टर खराब असलेली का होईना. मेटाडेटा पुसला म्हणजे डेटा जात नाही हे खरं, पण तो परत जुळवताना ऑफसेट, म्हणजे डेटा जिथून सुरू होतो ती जागा, एक आकडा चुकला तर गेलाच. तिसरा ट्रे असता तर प्रश्नच नव्हता. आधी तिसरी डिस्क जोडायची, भरू द्यायची, मग आजारी डिस्क काढायची.

परवा एसडीएच्या १९७ च्या ओळीत ० चा ८ झाला. टिकीट लिहून ठेवलंय, त्यात ट्रे नाही, एसडीए नाही, फक्त सीरियल नंबर आणि "काढण्याआधी लेबलचा फोटो पाठवा." मेटाडेटा पुसायची कमांड त्याच्या खाली लिहिलीय. ती चालवायची की नाही, ते अजून ठरत नाही.